लहान मुलाला घेऊन तीन दिवस मुंबई: आखणी कुठून सुरू करायची आणि ती कुठे फसते

दर सुट्टीत मला गावाकडून तोच फोन येतो. "पोराला मुंबई दाखवायची आहे. तीन दिवस आहेत. गेट वे, राणीबाग, मत्स्यालय, एलिफंटा, जुहू, सिद्धिविनायक, तारांगण, जमलं तर फिल्मसिटी. कसं बसवू?" यादी तयार असते, रेल्वेचं रिझर्व्हेशन झालेलं असतं आणि डोंबिवलीला मावशीकडे उतरायचं ठरलेलं असतं. मूल असतं तीन, चार, फार तर पाच वर्षांचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन येतो. पोरगं रडतंय, खात नाही, कडेवरून खाली उतरत नाही.

मुलाचं काही चुकलेलं नसतं. आखणीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी ठिकाणं ठरतात, मग मुक्काम, मग वेळा, आणि मधल्या फटीत मुलाची झोप कोंबली जाते. इथे मी आधी झोप धरली आहे, मग मुक्काम, मग वार, आणि ठिकाणं त्यानंतर. बाहेरगावाहून रात्रीच्या रेल्वेने येणारं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. उदाहरण कोल्हापूर-सांगलीकडचं घेतलं आहे; नाशिक, जळगाव, सोलापूरकरांनी गाडीचं नाव तेवढं बदलावं.

१. आधी दुपारची झोप कागदावर मांडा

एक कागद घ्या. तीन दिवसांचे तीन रकाने पाडा आणि प्रत्येकात दुपारी १ ते ४ हा भाग काळा करा. ही मुलाच्या जेवणाची आणि झोपेची वेळ. या वेळेत तुम्ही मुक्कामाच्या खोलीत असायला हवं.

आता काय उरलं ते मोजा. तीन दिवसांच्या तीन सकाळी आणि तीन संध्याकाळी. पहिली सकाळ पोहोचण्यात जाते, शेवटची संध्याकाळ परतीच्या गाडीत. हातात राहतात चार अर्धे दिवस, म्हणजे चार ठिकाणं. आठ ठिकाणांची यादी घेऊन निघालेलं कुटुंब इथेच अडकतं, पण ते त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं.

"गाडीत झोपेल की" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे. टॅक्सीत मूल वीस मिनिटं डुलकी काढतं आणि उतरवलं की अर्धवट झोपेतून किंचाळत उठतं. त्या डुलकीने दुपारची झोप मोडते आणि थकवा तसाच राहतो. तुमचं मूल दुपारी झोपत नसेल तरी हे तीन तास सोडू नका. पंख्याखाली आडवं पडणं, अंघोळ, चित्रांची वही एवढं पुरतं. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये मुंबईची दुपार दमट असते. घाम वाळत नाही आणि मूल आपल्यापेक्षा लवकर गळतं.

तपासा: कागदावर चारपेक्षा जास्त ठिकाणं दिसतायत का? दिसत असतील तर पुढे जाऊ नका.

२. मुक्काम: मावशी की फोर्ट?

सगळ्यात महाग चूक इथे होते, आणि ती पैसे वाचवण्याच्या नादात होते. डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल इथे आपली माणसं राहतात. त्यांच्याकडे उतरणं हा आपला रिवाज आहे आणि न उतरलो तर त्यांना वाईटही वाटतं. पण डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट लोकलने सव्वा तास धरा, त्याशिवाय घरातून स्टेशन आणि स्टेशनातून पुढे. जायला-यायला रोजचे चार तास. शिवाय दुपारी परत येऊन झोपवणं शक्यच नाही, म्हणजे पहिल्या पायरीवर काळा केलेला भाग गेला.

त्याहून मोठी अडचण गर्दीच्या दिशेची. मुंबईची गर्दी सकाळी दक्षिणेकडे वाहते आणि संध्याकाळी उत्तरेकडे. डोंबिवलीहून निघणारं कुटुंब दोन्ही वेळा त्या लोंढ्यात असतं. तुम्ही फोर्ट, सीएसएमटी किंवा चर्चगेटच्या आसपास राहिलात तर बरोबर उलटं होतं. सकाळी नऊला सीएसएमटीहून भायखळ्याकडे जाणारी धीमी लोकल बसायला जागा देते. समोरच्या रुळांवरून येणाऱ्या गाडीत माणसं दाराला लटकलेली दिसतात, आणि तुमचं मूल खिडकीत बसून त्यांना हात करत असतं.

माझा सल्ला: दोन रात्री फोर्ट भागात काढा आणि नातेवाइकांकडे जायचं असेल तर शेवटी जा. शहर आधी, मावशी नंतर. कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याणला थांबते, तेव्हा डोंबिवलीच्या मावशीकडे एक रात्र राहून परतीची गाडी कल्याणहून पकडता येते. मावशीकडे मूल निवांत खेळतं आणि तुमचीही घाई संपलेली असते.

हॉटेल ठरवताना फोन करून पाच गोष्टी विचारा. संकेतस्थळावरच्या फोटोंवर जाऊ नका.

लिफ्ट आहे का? फोर्टातली बरीच लॉज जुन्या इमारतींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आहेत आणि जिने लाकडी, उभे असतात. संडास-बाथरूम खोलीतच आहे ना? खोलीला खिडकी आहे का? (हे विचारावं लागतं. बिनखिडकीच्या खोल्या सर्रास मिळतात.) पाणी तापवायला किटली मिळेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी आठला खोली ताब्यात मिळेल का?

सावधान: हॉटेलचं चेक-इन सहसा दुपारी १२ नंतरचं असतं आणि तुमची गाडी सकाळी सातच्या पुढेमागे पोहोचते. मधले पाच तास बॅगा, पारोसं अंग आणि रडवेलं मूल घेऊन रस्त्यावर काढलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. माझ्या भावाला एका लॉजवाल्याने फोनवर "या हो, देऊ" म्हटलं आणि सकाळी काउंटरवर हात वर केले. तोंडी शब्दावर राहू नका, मेसेजमध्ये लिहून घ्या. अर्ध्या दिवसाचं जादा भाडं मागितलं तर द्या. या सहलीत त्याच्याइतका सार्थकी लागणारा दुसरा खर्च नाही. तेही जमलं नाही तर स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवता येतं, पण बॅगांना कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. दोन छोटी कुलपं घरूनच आणा.

३. मग वार ठरवा

राणीबाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय) बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी असते आणि दुसऱ्या दिवशी बंद. एलिफंटा, नेहरू तारांगण आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. त्या दिवशी साधारण अकरा ते चार या वेळेत काही गाड्या रद्द होतात, काही दुसऱ्या मार्गावरून धावतात आणि मधली स्थानकं गाळतात. शनिवार-रविवार राणीबागेत पेंग्विनसाठी मोठी रांग लागते.

हे सगळं चुकवणारा माझा आवडता बेत असा: बुधवारी रात्री गाडीत बसायचं, गुरुवारी सकाळी पोहोचायचं, शुक्रवारी राणीबाग करायची आणि शनिवारी रात्री परत निघायचं. रजा गुरुवार-शुक्रवारची, शनिवारी कामावर जावं लागत असेल तर तीन दिवसांची. रविवार घरी विश्रांतीला मिळतो, किंवा मावशीकडे.

वार पाहिला नाही की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. माझा भाचा तेव्हा चार वर्षांचा होता. महिनाभर घरात पेंग्विनची गोष्ट चाललेली, डोक्यावर काळी-पांढरी टोपी. बुधवारी सकाळी दहाला आम्ही फाटकाशी पोहोचलो. फाटक बंद. वॉचमन म्हणाला, "उद्या या." भाच्याने फाटकाच्या गजांत तोंड घातलं आणि आतल्या मोकळ्या रस्त्याकडे बघत विचारलं, "ते झोपलेत का?" मग तो तिथेच फुटपाथवर मांडी घालून बसला, उठेपर्यंत थांबतो म्हणाला. त्या मुलाला काय सांगणार? वार मोठ्या माणसांनी पाहायचा असतो.

४. आता ठिकाणं निवडा

सकाळच्या भागाला एक मोठं, चालायचं ठिकाण. संध्याकाळच्या भागाला एक मोकळं ठिकाण, जिथून कधीही उठून निघता येतं. माझी चार ठरलेली आहेत: गुरुवार संध्याकाळ डबलडेकर आणि गेट वे, शुक्रवार सकाळ राणीबाग, शुक्रवार संध्याकाळ गिरगाव चौपाटी, शनिवार सकाळ वरळीचं नेहरू सायन्स सेंटर.

एक राखीव ठिकाण ठेवा: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते सकाळी सव्वादहाला उघडतं. पाऊस आला, किंवा ऊन सोसेना, तर छताखालची ही चांगली जागा आहे. लहान मुलाला तिथल्या मूर्ती आणि चित्रं दाखवत फिरू नका. थेट प्राणी-पक्ष्यांच्या दालनात न्या आणि मग आवारातल्या मुलांच्या संग्रहालयाकडे, जिथे गोरखचिंचेचं मोठं झाड आहे.

काय गाळायचं हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

एलिफंटा गाळा. बोटीत तासभर, मग चढ आणि सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, मग परतीचा तास. चार वर्षांचं मूल वाटेतच दमतं आणि लेण्यांत त्याला काही उमजत नाही. दहा वर्षांचं झालं की जरूर न्या.

तारापोरवाला मत्स्यालय यादीतून खोडा. आपल्या लहानपणीची आठवण म्हणून पालक अजून ते लिहितात, पण ते कोविडपासून बंद आहे. मरीन ड्राइव्हवर टॅक्सी थांबवून बंद दार बघण्यात अर्थ नाही.

जुहू या बेतात नको. फोर्टहून ते दूर आहे आणि समुद्र गिरगावातही तोच आहे. तारांगणाचा खेळ अंधारात बराच वेळ चालतो. अंधाराला बिचकणारं मूल मध्येच रडलं तर रांग ओलांडून बाहेर पडणं कठीण होतं. सिद्धिविनायकाला जायचंच असेल तर मंगळवार टाळा.

५. तिकिटं

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीतल्या गाड्या लवकर भरतात, म्हणून वार ठरला की त्याच दिवशी तिकीट काढायला बसा. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारामध्ये अर्धं भाडं भरलं तर स्वतंत्र बर्थ मिळत नाही. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. एक खालचा बर्थ मागाच. मूल आईसोबत आतल्या बाजूला, भिंतीकडे झोपतं.

लोकलमध्येही पाच वर्षांखालचं मूल मोफत. राणीबागेचं तिकीट ऑनलाइन मिळतं, ते आदल्या रात्री काढून ठेवा आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

६. बॅग: एक मोठी, एक पाठीवरची

मोठ्या बॅगेबद्दल मी काही सांगत नाही, ती तुम्ही भरालच. पाठीवरची बॅग मात्र विचार करून भरा, कारण दिवसभर तीच सोबत असते. त्यात कपड्यांचा एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसह. पाण्याच्या दोन बाटल्या, एक पिण्याची आणि एक हात-पाय धुण्याची. छोटा पंचा. कागदी साबण. ओआरएसची दोन पाकिटं. घरचा कोरडा खाऊ, म्हणजे चुरमुऱ्याचा चिवडा, खजूर, राजगिऱ्याची वडी. चॉकलेट नको, उन्हात वितळतं आणि सगळं चिकट होतं. तापाचं औषध तुमच्या डॉक्टरांनी मुलाच्या वजनानुसार लिहून दिलेलं, मापाच्या टोपणासकट. आणि एक रिकामी प्लास्टिकची पिशवी, ओल्या कपड्यांसाठी.

बाबागाडी आणू नका. फोर्टातले फुटपाथ उंच आहेत, मध्येच तुटतात, आणि लोकलमध्ये ती उघडी नेता येत नाही. मूल तीन वर्षांचं असेल तर पाठीला किंवा छातीला बांधायचं कॅरिअर बरं. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा बूट घाला. मऊ रबरी क्रॉक्स सरकत्या जिन्याच्या कडेला अडकतात. मेट्रोच्या स्थानकांत हे जिने लांबलचक आहेत, तेव्हा मुलाला पायरीच्या मध्ये उभं करा आणि हात धरा.

७. निघण्याआधीच्या आठवड्यात

तीन गोष्टींची तालीम घरी घ्या.

पहिली, मोबाइल नंबर. चार वर्षांचं मूल दहा आकडे गाण्यासारखे पाठ करतं. आई किंवा बाबा, एकाचाच नंबर पाठ करून घ्या.

दुसरी, हरवलं तर काय करायचं. "पळायचं नाही, शोधायचं नाही, जिथे आहेस तिथेच थांबायचं. मोठ्याने आईचं नाव घेऊन हाक मारायची." नुसतं "आई" म्हणून चालत नाही, गर्दीत पन्नास आया वळून बघतात. मुलाला आईचं नाव ठाऊक आहे ना, हे विचारून बघा. बऱ्याच मुलांना ठाऊक नसतं.

तिसरी, परका संडास. भारतीय पद्धतीच्या संडासावर बसायची सवय नसलेलं मूल दिवसभर धरून ठेवतं आणि संध्याकाळी पोट दुखतं म्हणतं. आठवडाभर आधी सवय लावा.

नंबर शर्टाच्या आतल्या बाजूला, पाठीवर, पक्क्या मार्करने लिहा. हातावर बॉलपेनने लिहिलेला घामाने तासाभरात पुसतो, हे मी अनुभवलं आहे. रोज सकाळी निघताना मुलाचा डोक्यापासून पायापर्यंत एक फोटो काढा. वेळ आलीच तर "कपडे कोणते होते?" या प्रश्नाला घाबरलेल्या आईला उत्तर सुचत नाही, फोटो दाखवता येतो. बालकांसाठीची हेल्पलाइन १०९८, पोलिसांसाठी ११२ आणि रेल्वेसाठी १३९ हे नंबर दोघांच्याही फोनमध्ये साठवा.

८. गुरुवार: पोहोचण्याचा दिवस

सकाळी काही बघायचं नाही. खोली, अंघोळ, उडप्याकडे इडली, पुन्हा खोली. मूल गाडीत नीट झोपलेलं नसतं, ते अकरालाच पेंगायला लागेल. झोपू द्या.

साडेचारला बाहेर पडा. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे ११५ क्रमांकाची एसी डबलडेकर जाते. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, आता धावतात त्या विजेवरच्या. वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची जागा हवी असेल तर बस जिथून सुटते तिथेच चढा आणि एक बस सोडायची तयारी ठेवा. एसी बसचं किमान भाडं १२ रुपये आहे, तेवढ्यात मुलाला काचेतून अख्खा फोर्ट दिसतो. एक माणूस मुलाच्या मागे, एक पुढे, असे जिना चढा-उतरा. बस चालू असताना जिन्यावर थांबू नका.

मग गेट वे. कबुतरं, बोटी, फुगे. तासभर पुरे. बोटीतून बंदराची छोटी फेरी मारण्याचा आग्रह होईल. डिसेंबर २०२४ मध्ये इथून निघालेल्या प्रवासी बोटीला अपघात होऊन माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. बोटीत बसायचंच असेल तर लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का ते चढण्याआधी विचारा. मोठ्या माणसाचं जॅकेट पाण्यात लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. माप नसेल तर बसू नका.

आठला जेवण, नऊला झोप. पहिल्या रात्री भेळ, पाणीपुरी, बर्फाचा गोळा काही नको. दहीभात, इडली, फार तर साधा डोसा. पोट पहिल्या दिवशी बिघडलं तर पुढचे दोन दिवस गेले.

९. लोकलमध्ये चढण्याआधी हे ठरवा

शुक्रवारी सकाळी पहिली लोकल. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गावाकडून आलेल्या कुटुंबाची सगळ्यात जास्त घाबरगुंडी इथे उडते.

फक्त धीमी गाडी पकडा. फलाटावरच्या इंडिकेटरवर 'एस' किंवा 'धी' दिसलं की धीमी, 'एफ' किंवा 'ज' म्हणजे जलद. धीमी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते, त्यामुळे चूक झाली तरी पुढच्याच स्थानकावर सुधारता येते.

गर्दी नसलेल्या दिशेने आणि वेळेला सगळे एकाच डब्यात चढा, शक्यतो फर्स्ट क्लासच्या तिकिटावर. आई बायकांच्या डब्यात आणि बाबा दुसरीकडे, अशी वाटणी करावी लागली तर मूल आईकडे. बायकांच्या डब्यात लहान मुलगे चालतात. चढण्याआधी उतरायचं स्थानक दोघांनी मोठ्याने म्हणा. उतरल्यावर आई मुलासह डब्यासमोरच उभी राहील आणि बाबा चालत तिच्याकडे जाईल. दोघेही एकमेकांना शोधत चालू लागले की फलाटावर चुकामूक ठरलेली.

चढताना पहिलं मोठं माणूस आत जातं, मग मूल उचलून दिलं जातं, मग दुसरं मोठं माणूस. मुलाला स्वतः चढू देऊ नका. गाडी आणि फलाट यांच्यातली फट त्याच्या पायापेक्षा रुंद असते.

आणि कोणी मागे राहिलंच तर? हे आधी ठरलेलं हवं. मागच्या वर्षी माझी वहिनी मुलीसह चढली, दादा बॅगेचा पट्टा सोडवत मागे राहिला आणि गाडी सुटली. तो पुलाकडे धावला, ती पुढच्या स्थानकावर उतरून उलट्या गाडीने परत आली, तोवर तो तिच्या मागे निघून गेलेला. फोन बॅगेत, बॅग त्याच्याकडे. पाऊण तास दोघे एकमेकांना ओलांडत राहिले. नियम साधा ठेवा: गाडीत गेलेला माणूस पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबतो, फलाटावरचा माणूस मागची धीमी गाडी पकडून तिथे येतो. आणि दोन्ही मोठ्यांचे फोन ज्याच्या त्याच्या खिशात.

तपासा: सकाळी अकराच्या आत दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे लोकलने जायचं कुठे ठरलंय का? तिथे टॅक्सी लिहा. लक्षात ठेवा, रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला येत नाहीत. दादरला उतरून रिक्षा शोधू नका, काळीपिवळी टॅक्सी मीटरने घ्या.

१०. शुक्रवार: राणीबाग आणि चौपाटी

साडेनऊला फाटक उघडतं, तुम्ही सव्वानऊला तिथे हवेत. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून दहा मिनिटांची चाल, मुलाच्या पावलांनी पंधरा-वीस. आत शिरल्यावर थेट पेंग्विनकडे जा. वाटेत हरणं, हत्तीचा पुतळा, झोपाळा लागेल. "येताना बघू" म्हणा आणि हे शब्द पाळा. अकरानंतर पेंग्विनची रांग वाढते. मग वाघ, मग सावलीतला बाक आणि खाऊ. प्राणी बघून दमलेलं मूल बहुतेकदा खारीच्या मागे धावण्यात रमतं. रमू द्या, फोटोसाठी ओढत नेऊ नका. साडेबाराला बाहेर पडा, सगळं पाहून झालेलं नसलं तरी.

आत शिरताच स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा आणि तासाला एकदा स्वतःहून न्या. मूल खेळात असताना सांगत नाही.

संध्याकाळी पाचला टॅक्सीने गिरगाव चौपाटी. एक छोटी बादली आणि फावडं पुरे. पाण्यात उतरवू नका, पाणी घाण असतं. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत किनाऱ्याला डंख मारणारे जेलीफिश येतात, मेलेल्यालाही हात लावू देऊ नका. भरतीच्या दिवसांत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसवू नका. वाळूतून उठताना दुसऱ्या बाटलीतल्या पाण्याने पाय धुऊन, पुसून मगच बूट चढवा. ओल्या वाळूने बोटांच्या बेचक्यात सोललं तर शनिवारची सकाळ कडेवर जाते.

मरीन ड्राइव्हचे दिवे लागले की परत. दिव्यांची ती वळणदार ओळ टॅक्सीच्या खिडकीतूनही छान दिसते.

११. शनिवार: सायन्स सेंटर आणि परतीची गाडी

सकाळी आधी खोलीतलं सामान आवरा आणि हॉटेलला विचारा, दुपारनंतर किती वाजेपर्यंत खोली ठेवता येईल. शेवटच्या दिवशीची दुपारची झोप सगळे विसरतात, कारण चेक-आउट झालेलं असतं. संध्याकाळपर्यंतचं भाडं भरून खोली ठेवता आली तर ठेवा.

सीएसएमटीहून भुयारी मेट्रो ३ घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आणि तिच्यावर सायन्स सेंटर नावाचंच स्थानक आहे. बसायला जागा मिळते, घाम येत नाही, आणि मुलाला भुयारातून जाण्याचंच अप्रूप असतं.

सायन्स सेंटर वाराप्रमाणे बंद नसतं, फक्त होळी आणि दिवाळीला बंद. आत शिरल्यावर पाट्या वाचत बसू नका. बटणं दाबायची, चाकं फिरवायची, आरशात वाकडं तोंड बघायचं, एवढंच चार वर्षांच्या मुलाचं विज्ञान. दहा ते साडेअकरा आत, मग बाहेरच्या बागेतल्या खेळांवर अर्धा तास. ऊन चढलं असेल तर आधी बाग, मग आत.

एकला खोलीवर. जेवण, झोप. पाचला उठवून अंघोळ घाला आणि मुलाला रात्रीचे सुती कपडे खोलीतच चढवा. गाडीत अरुंद संडासात कपडे बदलायचा प्रसंग येऊ नये. साडेसहाला जेवू घाला, गाडीतलं जेवण वेळेवर मिळेल यावर विसंबू नका. सुटण्याच्या पाऊण तास आधी फलाटावर पोहोचा. सीएसएमटीला लांबच्या गाड्यांचे फलाट लोकलच्या फलाटांपासून वेगळे आणि लांब आहेत, आणि डबा पार पुढे असू शकतो. एकाने बॅगा घ्यायच्या, एकाने फक्त मूल. खालच्या बर्थवर चादर अंथरून मुलाला आतल्या बाजूला झोपवा, आणि शर्टाच्या आत लिहिलेला नंबर अजून वाचता येतोय का ते बघून घ्या.